रशिदाआपांचा चार्ज

आमच्या ऑफिसात कुणी रजेवर निघालं की आपल्या कामाचा चार्ज दुसऱ्याला द्यायची पद्धत होती. पद्धत म्हणजे काय, तर जाणारा माणूस कपाटाची किल्ली टेबलावर टाकायचा, "सगळं क्लिअर आहे, फक्त ते सोलापूरचं जरा बघ" असं म्हणायचा आणि चप्पल बदलून पळायचा. घेणारा "हो हो" म्हणायचा. सोलापूरचं कुणीच बघायचं नाही. रजा संपवून माणूस परत आला की सोलापूर जागच्या जागी त्याची वाट बघत असायचं. बहुतेक ऑफिसं अशीच चालतात, आणि त्यात कुणाचं फारसं बिघडत नाही.

रशिदा मुकादम यांना हे चालत नसे. चार्ज घ्यायचा म्हटलं की त्या खुर्ची ओढून समोरच्या बाईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. फाइल उघडायच्याच नाहीत. विचारायच्या काय, तर "फोन उचलल्यावर तू पहिला शब्द काय बोलतेस?" "समोरचा शिव्या द्यायला लागला की तू गप्प बसतेस, की मध्ये बोलतेस?" "चहा कधी घेतेस? कुठल्या खांद्याला फोन धरतेस?" नवख्या बाईला वाटायचं, ही आपली चेष्टा करतेय. जुन्या बायका मुकाट्यानं उत्तरं द्यायच्या, कारण आपांनी घेतलेला चार्ज म्हणजे काय असतं, ते त्यांनी पाहिलेलं होतं.

महाप्याला एमआयडीसीत आमची पार्सल कंपनी होती. मी बिलिंगमध्ये, आणि काचेच्या पार्टिशनपलीकडे तक्रार विभाग. हरवलेली, फुटलेली, भिजलेली, भलत्याच गावाला गेलेली पार्सलं, आणि त्यांच्यामागून येणारी माणसं. विभागात सगळ्या बायका. सावंतबाईंकडे तळकोकण, भारती म्हात्रेकडे रायगड-ठाणे, जयश्री कुलकर्णीकडे सातारा-कोल्हापूर, आणि आपांकडे मुंबई. आपा मूळच्या रायगडच्या खाडीकाठच्या, कोकणी मुसलमान घरातल्या. करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये धाकट्या बहिणीबरोबर राहायच्या. उंच बाई, डोक्यावरून ओढणी, आणि हसणं असं की पार्टिशनची काच हादरावी. ईदला अख्ख्या मजल्याला शीरखुर्मा, आणि एरवी कुणी रडगाणं लावलं की "चल, हटाओ!" हे ठरलेलं. मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणायचे.

जयश्रीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिचा चार्ज आपांनी घेतला होता. ती बरी होऊन आली, त्या दिवशी कराडच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. त्याला कुठून तरी तिच्या आजारपणाचं कळलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं ऑपरेशन झालं म्हणे? मग मला परवा शिस्तीवर लेक्चर कोणी दिलं?" आम्ही खूप हसलो. जयश्री हसली, पण जरा उशिरानं. शिस्तीवरचं लेक्चर ही तिची खासियत होती, आणि कराडच्या माणसाला ते ऐकून संशयसुद्धा आला नव्हता.

चार्ज परत द्यायचीही आपांची रीत होती. पुन्हा गुडघ्याला गुडघा. कोण रडलं, कोण खोटं बोललं, कुणाला काय कबूल केलं, हे सगळं सांगून झालं की समोरच्या बाईनं "घेतला" असं तोंडानं म्हणायचं. नुसती मान हलवून चालत नसे. तो शब्द ऐकला की आपा उठायच्या, बेसिनवर जाऊन तोंड धुवायच्या आणि ओढणीला पुसत बाहेर येऊन खणखणीत आवाजात म्हणायच्या, "चल, हटाओ! आता माझं काम बघू दे." मी एकदा विचारलं, एवढं नाटक कशाला? तर म्हणाल्या, "अगं मीना, माणसानं आपली रड एकदाच सांगावी. दुसऱ्यांदा सांगायला लावली की त्याची भीक होते. फोन करणाऱ्याला माणूस बदललंय हे कळताच कामा नये. आणि तसं करायचं तर चार्ज अर्धा घेता येत नाही." मला ते पटलं, आणि आपल्याला हे जमणार नाही हेही कळलं.

मग आमची कंपनी विकली गेली. विकली गेली हे आम्ही म्हणायचो. वरून आलेल्या मेलमध्ये 'आपण एका मोठ्या कुटुंबात सामील होत आहोत' असं होतं. मोठ्या कुटुंबात गेलेल्या सुनेचं काय होतं, ते आम्हा बायकांना कुणी शिकवायला नको होतं. निशांत नावाचा नवा मॅनेजर आला. मुलगा वाईट नव्हता, पण त्याला सगळं पडद्यावर दिसायला लागायचं. तक्रार विभागाच्या भिंतीवर त्यानं मोठा स्क्रीन लावला. प्रत्येक डेस्कच्या नावापुढे पट्टी. काम जोरात असलं की हिरवी, रेंगाळलं की पिवळी, तुंबलं की लाल. आणि मग 'मोठ्या कुटुंबा'ला इतकी माणसं जड होतात, असं निघालं.

पहिल्यांदा सावंतबाईंना काढलं. सकाळी केबिनमध्ये बोलावलं, आणि जेवणाच्या सुट्टीआधी त्यांची पिशवी भरून तयार. सिक्युरिटीवाली दाराशी उभी. तेवढ्यात आपांनी खुर्ची ओढली आणि सावंतबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. सिक्युरिटीवालीला म्हणाल्या, "तू पानी पिऊन ये." सगळं विचारून झाल्यावर सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "परत कधी?" सावंतबाई आधी हसल्या आणि मग रडल्या. आपा नुसत्या त्यांचा हात धरून बसल्या. परत द्यायची तारीख नसलेला चार्ज त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा घेतला.

दुसऱ्या दिवशी कुडाळचे एक म्हातारे मास्तर फोनवर आले. त्यांच्या वारलेल्या भावाची ट्रंक मुंबईहून निघाली होती आणि वाटेत कुठेतरी गडप झाली होती. सावंतबाई आहेत का, असं त्यांनी विचारलं. आपा म्हणाल्या, "त्या आता नाहीत." मास्तर दचकले. "नाहीत म्हणजे?" मग कशीबशी समजूत पटल्यावर ते पहिल्यापासून सांगायला लागले. भाऊ कसा गेला, ट्रंकेत काय होतं. सांगता सांगता त्यांचा आवाज फुटला. फोनचा स्पीकरही चालू असल्यानं ते मला पार्टिशनच्या अलीकडे ऐकू येत होतं. आपांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी फोन उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतला आणि त्या बोलल्या, "थांबा गुरुजी. माका म्हायत आसा सगळा. परत सांगू नकात."

तो सावंतबाईंचा आवाज होता. मी कॉलेजात नकला करणारी मुलं पाहिली आहेत. नकला करणारा माणूस एका डोळ्यानं बघत असतो, लोक हसतायत की नाही ते. आपा कुणाकडेच बघत नव्हत्या. पलीकडून मास्तर म्हणाले, "बाय, तूच गे! मग ती कोण बोलत होती मघाशी?" आणि आपा म्हणाल्या, "असात कोणतरी." मी बिल टाइप करत होते. माझी बोटं थांबली ती बराच वेळ थांबूनच राहिली.

ट्रंक सापडली, हेही सांगायला हवं. गेलेल्या सावंतबाईंच्या डेस्कची पट्टी आठवडाभर हिरवीगार होती. डेस्कचं नाव काढून टाकायला वरच्या ऑफिसात अर्ज करावा लागतो आणि पट्टी हिरवी असताना तो कोण करणार? निशांतनं ते तसंच ठेवलं. मग त्याला वाटलं असावं, की एक माणूस कमी करून काही बिघडत नाही, तर दुसरं का नको. भारती गेली. पाठोपाठ जयश्री गेली. दोघींचा चार्ज आपांनी गुडघ्याला गुडघा लावून घेतला. निशांत मला म्हणाला, "ताई, कमाल आहे हां. टीम एक-चतुर्थांश झाली आणि परफॉर्मन्स खाली आलाच नाही." मी स्क्रीनकडे पाहिलं. जयश्री दुपारचं जेवण नेहमी रेंगाळत जेवायची, त्यामुळे तेवढ्या वेळात तिची पट्टी पिवळी व्हायची. आता जयश्री पुण्याला मुलाकडे होती, आणि दुपारी तिची पट्टी पिवळी झाली होती.

तो विभाग मग बघण्यासारखा राहिला नाही. म्हणजे दिसायला स्वच्छ, एसी चालू, दुपारचं ऊन पट्ट्यापट्ट्यांनी टेबलांवर पडलेलं, आणि त्यात एकटी बाई एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जातेय. प्रत्येक खुर्चीत बसायची तऱ्हा वेगळी. भारतीच्या खुर्चीत एक पाय वर घेऊन. जयश्रीच्या खुर्चीत कण्याला पट्टी बांधल्यासारखं ताठ. एकदा मी मान खाली घालून काम करत होते. मागून घासत येणाऱ्या सपाता ऐकल्या आणि मी न बघताच म्हटलं, "बाई, चहा सांगू?" उत्तर आलं, "अर्धोच." मी कॅन्टीनला फोन लावून अर्धा कप सांगितलासुद्धा. फोन ठेवल्यावर मला आठवलं, की सावंतबाई ऑफिसात नाहीत. मी मागे वळून बघितलं नाही. चहा आला तो कुणी प्यायला, तेही बघितलं नाही.

तुम्ही म्हणाल, बाईला कामाचा ताण आला होता. मीही स्वतःला हेच सांगत होते. मग जबीनचा, आपांच्या बहिणीचा, फोन आला.

"मीनाताई, एक विचारू? तुमच्या ऑफिसातून घरी येतं ते कोण येतं?"

मी म्हटलं, "काय झालं?"

"बेल रोज वेगळी वाजवते. कधी एकदा, कधी लहान मुलासारखी सलग. कधी बेलच नाही, दारावर थाप. मी दार उघडते तर आपाच असते. पन मग आत येऊन चपला काढते ना ताई, त्या कधी दाराबाहेर, कधी स्टँडवर, कधी बाथरूमपर्यंत घालूनच जाते. काल बोंबील केले. आपाच्या आवडीचे. तर ताटाला हातच लावला नाही. म्हणाली, आज गुरुवार ना?"

मग म्हणाली, "आमच्या घरात गुरुवार कधीपासून आला, ताई?"

मला हसू यायला हवं होतं. जयश्री गुरुवारी मासळीचा वाससुद्धा सहन करत नसे, हे मला माहीत होतं. मी जबीनला "बघते, टेन्शन घेऊ नको" एवढंच म्हटलं. काय बघणार होते, ते मलाही माहीत नव्हतं.

त्याच सुमारास बक्षीस समारंभ झाला. मोठ्या कुटुंबात असे समारंभ फार. कॅफेटेरियात फुगे, केक, आणि वरून आलेली एक इंग्रजी बोलणारी बाई. तिनं स्त्रियांच्या कामाबद्दल भाषण केलं. बदलाला सामोरं जाताना स्त्रिया कशा चिवट असतात, कामाला कसं स्वतःचं मानतात, वगैरे. ऐकताना मला आमच्या काढलेल्या तिन्ही बायका आठवत होत्या, पण टाळ्या वाजवायच्या जागी मी वाजवल्या. मग निशांतनं माइक घेतला आणि वर्षातली सर्वोत्तम कर्मचारी म्हणून नाव पुकारलं, "रशिदा मुकादम!"

आपा माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून, सगळ्यांबरोबर. मान वळवून त्या मागच्या रांगांकडे बघू लागल्या, कोण उठतंय ते. निशांतनं पुन्हा नाव घेतलं. आपा मला कौतुकानं म्हणाल्या, "चांगली बाई असणार गं. कुठल्या मजल्यावरची?"

मी त्यांचा दंड धरला. "आपा, तुम्ही." त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक जण निघून जातंय असं मला दिसलं. शेवटी भीती उरली, ती मात्र त्यांची स्वतःची असावी. त्या उठल्या, बक्षीस घेतलं, हसल्या. फोटोत सगळं ठीक दिसतं.

संध्याकाळी गेटबाहेरच्या टपरीवर त्यांनी मला थांबवलं. उन्हं अजून रस्त्यावर होती, समोरून कंपन्यांच्या बस जात होत्या. म्हणाल्या, "मीना, आधी तसं नव्हतं. चार्ज परत दिला की मोकळी व्हायचे मी. पन घ्यायला माणूस तर आलं पाहिजे ना? या तिघी परत आल्याच नाहीत. आता खुर्चीतून उठताना आधी बघावं लागतं, कोण उठतंय." मी म्हटलं, सोडून द्या नोकरी. तर म्हणाल्या, "अशी कशी सोडू? अशी गेले तर चौघी जातील. मला इथून रशिदा म्हणून बाहेर पडायचंय. बस, एवढंच पाहिजे. जबीनच्या घरी रशिदानं जायला पाहिजे."

मला रडू आलं, आणि रागही आला. कुणाचा, ते तेव्हा कळत नव्हतं.

दुसऱ्या सोमवारी आपा भारतीच्या खुर्चीत होत्या आणि सगळं डाव्या हातानं करत होत्या. चहाचा कप डाव्या हातात, माउस डावीकडे घेतलेला. उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला. मी विचारलं, लागलं का? त्यांनी हात उलटसुलट करून बघितला. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. "आग होतेय नुसती," म्हणाल्या.

माझा घरचा रस्ता घणसोलीचा, तळवलीवरून जातो. भारतीचं घर गावात देवळामागे. त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. ती ओट्यावर बसली होती, आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता.

"कढईतला त्याल उडाला शनवारी," ती म्हणाली. "कोनला सांगलाबी नाय. तुला कोनी सांगला?"

मी तिच्या शेजारी बसले. मग मी तिला सगळं सांगितलं आणि हात जोडून म्हटलं, "भारती, एकदा ऑफिसात चल. नाहीतर करंजाड्याला चल. आपांसमोर बस आणि नुसतं 'घेतला' म्हण. एवढंच करायचंय."

भारतीनं बँडेजचं सुटलेलं टोक आत खोचलं. अंगणात तिची नात खेळत होती. "मीना," ती म्हणाली, "त्या खुर्चीत मी वीस वरसां लोकांच्या शिव्या खाल्या. इथं आली तवा पयला म्हयना मला झोपंत फोन ऐकू यायचं. मंग एक दिवस बंद झालं. आता मला कललं, कशानं बंद झालं. आपा चांगली बाय हाय. पन मी ता परत घेनार नाय." नात धावत आली आणि तिच्या मांडीत शिरली. भारतीनं डाव्या हातानं तिला जवळ घेतलं.

उलव्याला सावंतबाईंकडे गेले. त्या आता विमानतळाकडच्या ऑफिसांना डबे पुरवतात. स्वयंपाकघरात तीन बायका कामाला, आणि बाई मध्ये उभ्या राहून हुकूम सोडताहेत. तब्येत सुधारलेली, सपाता घासणं गेलेलं. मी बोलत असताना त्या कोथिंबीर निवडत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "ती बाई परत अंगात घेव मिया? सगळ्यांका 'होय होय' म्हणणारी? नको गे बाय. तिका आपांकडेच ऱ्हवांदे." आणि मला डबा बांधून दिला. तो मला घरी जाऊन खाववला नाही.

जयश्रीला मी फोन केला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, ही तरी येईल. तिनं विचारलं, "म्हणजे माझा डेस्क अजून चालू आहे?" मी हो म्हटलं. "आणि पट्टी?" मी म्हटलं, हिरवी. जेवणाच्या वेळी पिवळी. पलीकडे जयश्री समाधानानं हसली. "सांग आपांना, छान करताय म्हणावं. उगीच मध्ये कशाला हात घाला. शिस्त बिघडते." मी फोन ठेवला. तिघींपैकी एकीवरही मला धड रागावता येत नव्हतं. ज्यानं चौघींचं काम एकीच्या गळ्यात घातलं त्याच्यावर रागवायला हवं होतं, पण तो तर कुणी एक माणूसच नव्हता. ते 'मोठं कुटुंब' होतं.

शेवटी तक्रार विभागच बंद करायचं ठरलं. पुढे तक्रारी मशीन घेणार होतं. त्यासाठी रिया नावाची एक हुशार मुलगी आपांचं काम समजून घ्यायला आली. तिनं सगळं विचारलं, आपांनी सगळं सांगितलं, हातचं काही राखलं नाही. मुलगी "थँक्यू आंटी, सुपर हेल्पफुल" म्हणून गेली. मी आशेनं आपांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "ऐकलं तिनं. घेतलं नाही."

मला बिलिंगसकट तिसऱ्या मजल्यावर हलवलं होतं, म्हणजे माझी नोकरी राहिली होती. आपांचा शेवटचा दिवस आला. दुपारी विभागात आम्ही दोघीच होतो. भिंतीवरचा स्क्रीन काढून नेला होता आणि चार खिळे उरले होते. मी रात्रभर विचार करून आले होते. मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"आपा," मी म्हटलं, "मला द्या. तिघींचा. मी 'घेतला' म्हणते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी जयश्रीनं पाहिलं, चष्म्यावरून बघितल्यासारखं. मग भारतीनं. मग सावंतबाईंनी. मला तिन्ही नजरा ओळखू आल्या. मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी पटकन पुढे होऊन माझ्या ओठांवर तळहात ठेवला. हात गार होता.

"गप," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून घ्यायला तू तरी आलीस. तुझ्याकडून घ्यायला कोण येणार?"

मी त्यांचा हात ओठांवरून काढला नाही. त्यांनीच काढला. मग त्या उठल्या, पर्स घेतली, चारही खुर्च्या टेबलांखाली नीट सारल्या आणि बेसिनकडे न जाता सरळ जिन्याकडे गेल्या.

मी तिसऱ्या मजल्यावर धावत गेले आणि खिडकीशी उभी राहिले. खाली रस्ता लख्ख उन्हात होता, माणसं फारशी नव्हती. आपा गेटबाहेर पडल्या. सुरुवातीला त्या पाय ओढत चालल्या, सपाता घासत. पानाच्या टपरीपासून चाल बदलली. पाठ ताठ झाली आणि पदर नसताना हात कमरेशी पदर खोचायला गेला. वळणावर त्या भरभर, गावातल्या बाईसारख्या पाय टाकत गेल्या. मी एकेकीला ओळखत होते आणि मनात म्हणत होते, आता रशिदा, आता तरी रशिदा.

स्टॉपशी एक रिक्षा येताना दिसली. त्यांनी थांबून हात वर केला. कोपरात जरासा वाकवून, बोटं मोकळी सोडून, जसं ओळखीच्या माणसाला दुरून थांबवावं तसा. तो हात सावंतबाईंचा नव्हता. भारतीचा नव्हता, जयश्रीचाही नव्हता. रिक्षा थांबली, त्या आत बसल्या, आणि रिक्षा शिळफाट्याच्या दिशेनं गेली.

मी खिडकीत उभी राहून तसाच हात वर करून बघत होते. तो त्यांचा असेल का? रशिदाआपा रिक्षाला हात कसा करायच्या, ते मी इतकी वर्षं रोज पाहिलं होतं. पण त्या दिवशी मला ते आठवलं नाही, आणि अजूनही आठवत नाही.